आत्या, कार्तिकी झाली की निघ

मनामा, बहरीन

ती. आत्यास,



गौरी जेवायच्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "आरं, पण तिथं येऊन बघायचं काय? वाळूच की." मी काही बोलणार तेवढ्यात दारात हळदीकुंकवाच्या बायका आल्या आणि तू फोन ठेवलास. ते उत्तर आता पत्रातून देतोय, आणि हे पत्र छापायला देतोय. मोबाइलवरची अक्षरं तुला लागत नाहीत, छापील मजकूर मात्र तू चष्मा लावून दोनदा वाचतेस. शिवाय तुझ्यासारख्या किती आया, आत्या, मावश्या मुलांकडं आखातात येतात, मॉल आणि काचेच्या इमारती बघतात आणि महिन्याभरात परत जातात. त्यांच्या मुलांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

खरं तर तुझा प्रश्न चाळीस वर्षांहून जुना आहे. आबा १९७९ साली इथं आले. वर्षभरानं त्यांनी निळ्या हवाई पत्रात तुला लिहिलं होतं, की आम्ही पाइप टाकतो तिथून एक डोंगर दिसतो, आपल्या जरंडेश्वराच्या पासंगालाही पुरणार नाही, पण सकाळी त्याच्याकडं बघितलं की बरं वाटतं. तू उलट टपाली विचारलंस, वाळवंटात डोंगर कसला? त्यावर त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, तू ये म्हणजे दाखवतो. ते काही जमलं नाही. एका खोलीत आठ जण राहायचे, बहिणीला कुठं आणणार? बावीस वर्षं ते इथं राहिले आणि डोंगर तुला दाखवायचा राहून गेला. आता मला दोन खोल्यांचं घर आहे, दारात गाडी आहे. कार्तिकी वारी करून तू घरी आलीस, अंगातला शीण गेला, की निघ. व्हिसाचं, तिकिटाचं मी बघतो.

महिना मी विचार करून सांगतोय. दसऱ्याला ये म्हणणार होतो, का ते पुढं सांगतो, पण ऑक्टोबरातही इथं दुपारी अंग भाजतं. मे ते सप्टेंबर तर नावच काढायला नको. पारा चाळिशीपर्यंत जातो आणि भोवती समुद्र असल्यानं हवा अशी दमट असते, की सावलीत उभं राहूनही सुटका नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र आपल्याकडच्या पौषासारखी हवा असते. सकाळी शाल लागते, दुपारी पाठीवर ऊन घेत बसावंसं वाटतं. अधूनमधून उत्तरेकडून शमाल नावाचा वारा सुटतो, त्यासाठी कानाला बांधायला मफलर आण.

आबा त्याच उन्हात काम करायचे. आता ऐन उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करून घ्यायला इथल्या कायद्यानं बंदी आहे. ही बंदी २००७ साली आली. आबा त्याच्या आधीच परत गेले होते. त्यांच्या हातावरचे ते काळे डाग तुला आठवतात ना? तू दर रजेत त्यांना खोबरेल चोळून द्यायचीस. ते डाग उन्हात तापलेल्या पाइपांचे होते. त्यांनी तुला कधी सांगितलं नाही, मलाही सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका केरळी काकांनी गेल्या वर्षी मला सांगितलं.

आता वाळवंटाचं. वाळवंट म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढं चंद्रभागेचं वाळवंट येतं, हे मला ठाऊक आहे. पायाला गार लागणारी ओली वाळू, टाळ-मृदंग, कीर्तनाचे फड. इथलं वाळवंट तसं नाही, आणि कॅलेंडरावर असतात तसे वाळूचे उंच ढिगारेही इथं नाहीत. दहिवडीकडं जाताना लागतो तो माळ आठव. त्यावरची कुसळं काढून टाक, बाभळी काढून टाक, मातीचा रंग पांढुरका कर. चुनखडीचे तुकडे, बारीक खडी, कुठं वाळूचा पातळ थर, कुठं गुडघ्याएवढी खुरटी झुडपं. माणदेशाला आपण दुष्काळी म्हणतो, तिथंही वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथं सत्तर-ऐंशी मिलिमीटर, तोही हिवाळ्यात चार-दोन सरींत.

या माळाच्या मधोमध आबांचा डोंगर आहे. नाव जबल अद-दुखान. जबल म्हणजे डोंगर आणि दुखान म्हणजे धूर. दमट हवेत त्याच्याभोवती धूसर पडदा धरतो, म्हणून धुराचा डोंगर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १३४ मीटर, आणि सगळ्या देशात याच्याहून उंच जागा नाही. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे असे बारा डोंगर एकावर एक रचावे लागतील. सज्जनगडाच्या पायऱ्या दरवर्षी चढलेल्या बाईला मी एवढंसं टेकाड काय दाखवतोय, असं तुला वाटेल. पण तुझ्या गुडघ्यांची गेल्या तीन वर्षांतली कथा मला माहीत आहे. गडाच्या पायथ्याशी गाडीत बसून राहावं लागलं त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. हा डोंगर चढायचा नाहीच. माथ्याकडच्या भागात सरसकट कुणाला जाता येत नाही. तो रस्त्यावरून, माळावरून, खुर्ची टाकून बघायचा. कुणी वर गेलं आणि तू खाली राहिलीस असं इथं होणार नाही.

आणि तो बघण्यासारखा का आहे, ते तुला चुलीपुढं बसवून सांगितलं असतं तर लवकर कळलं असतं. आपला सह्याद्री लाव्हारसाचा, काळा, एकावर एक थर. हा डोंगर पांढरट, चुनखडीचा. हा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला. पुढं जमीन मधोमध वर उचलली गेली. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी फुगते तशी. मग वाऱ्यापावसानं त्या फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा मधोमध झिजवून काढला. कडा तेवढ्या गोलाकार उभ्या राहिल्या, आत खळगा पडला, आणि खळग्यात न झिजलेला जो तुकडा उरला तो जबल अद-दुखान. आपण गाडीनं त्या कडेवरून खळग्यात उतरू, तेव्हा मी गाडी थांबवीन. तू नीट बघ, चारी बाजूंनी भाकरीची कड दिसेल.

सगळा इतिहास त्या फुगण्यात आहे. तेल पाण्याहून हलकं, ते खडकातून वर वर सरकतं आणि असा घुमट सापडला की त्याच्या पोटात अडकून राहतं. १९३० साली फ्रेड डेव्हिस नावाचा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ इथं आला. त्यानं या डोंगराच्या पायथ्याशी विहिरीची जागा धरली. १९३१च्या ऑक्टोबरात खोदाई सुरू झाली आणि १९३२च्या जूनमध्ये सुमारे सहाशे मीटर खोलीवर तेल लागलं. आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं हे पहिलं तेल. याच डोंगरावरून डेव्हिसला समुद्रापलीकडं सौदीच्या किनाऱ्यावर तशाच टेकड्या दिसल्या, आणि १९३८मध्ये तिथंही तेल निघालं. ज्या तेलासाठी आपल्याकडच्या गावागावांतली पोरं आखातात आली, आबा आले, मी आलो, त्याची सुरुवात या पासंगाला न पुरणाऱ्या डोंगराखाली झाली. ती पहिली विहीर जपून ठेवलीय, शेजारी लहानसं संग्रहालय आहे. तिथं आपण अर्धा तास थांबू.

वाटेत दोन्ही बाजूंनी पाइप धावत असतात आणि तेल उपसणारे पंप दिसतात. लोखंडी मान खाली जाते, वर येते, पुन्हा खाली. आबांनी एका पत्रात लिहिलं होतं, की मोट चालल्यासारखी वाटते, फक्त बैलाला हाकणारं कुणी नाही. मागच्या हिवाळ्यात मी पहाटे तिथं उभा होतो. धुकं होतं. पंप दिसत नव्हता, नुसती त्याची कुरकुर ऐकू येत होती, एका लयीत. पाइपावर दव साचलं होतं. मी बोट फिरवलं तर धुळीत स्वच्छ रेघ उमटली. आपल्या जुन्या विहिरीवरच्या चाकाची कुरकुर मला ऐकू आली म्हणालो तर तुला खोटं वाटणार नाही.

ते तेल वेळेवर लागलं, आत्या. त्याआधी हा देश मोत्यांवर जगत होता. आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे, असं तू सांगतेस ना? बसरा हे बाजाराचं नाव. मोती आखाताच्या पाण्यातले, आणि त्यातले सगळ्यांत नावाजलेले बहरीनच्या आसपासचे. ते गलबतांतून मुंबईला जायचे आणि मुंबईच्या बाजारातून जगभर. १९६५मध्ये दिनार येईपर्यंत इथं व्यवहारही रुपयातच चालायचा. जपानी लोकांनी शिंपल्यात मोती वाढवायला सुरुवात केली, वर जगभर मंदी आली, आणि इथले पाणबुडे कर्जात बुडाले. त्याच सुमारास हे तेल. मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं मुहर्रक गावात आहेत, २०१२ साली युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा ठरवलं. येताना नथ आण. लॉकरमध्ये ठेवून ती नुसती काळवंडतेय. मुहर्रकला ती घालूनच जाऊ.

आता दसऱ्याचं. डोंगरापासून थोड्याच अंतरावर, उघड्या माळावर, एकच एक मोठं झाड आहे. आसपास त्याच्या जोडीचं दुसरं नाही. इथं त्याला शजरत अल-हयात म्हणतात, जीवनाचं झाड. वय सुमारे चारशे वर्षं सांगतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपास ते रोप असेल. एवढ्या कमी पावसात ते कशावर जगतं याचं लोकांना नवल वाटतं आणि दूरदूरहून माणसं बघायला येतात. मी इथं आलो तेव्हापासून त्याचं नाव ऐकत होतो. ते कसलं झाड आहे हे मात्र मागच्या हिवाळ्यात तिथं गेल्यावर कळलं. ती शमी आहे, आत्या. आपली सौंदड. शिलंगणाला मारुतीच्या देवळामागं ज्या झाडाला तू हळदकुंकू लावतेस, पाच पानं गणपतीला वाहून मग आपट्याचं सोनं वाटतेस, तेच झाड.

पांडवांनी अज्ञातवासात जाताना शमीवर शस्त्रं बांधून ठेवली, ही गोष्ट तू मला ओसरीवर सांगितली होतीस. मला तेव्हा प्रश्न पडायचा, या काटेरी झुडपावर एवढं गांडीव लपणार कसं? कारण आपल्याकडची सौंदड तोडून तोडून खुरटलेली असते. इथली बघितली आणि ती शंका गेली. दहा मीटरच्या आसपास उंची आहे, पण तिचा पसारा जास्त मोठा. फांद्या आडव्या पसरत गेल्यात, काही जड होऊन जमिनीला टेकल्यात आणि टेकून पुन्हा वर उठल्यात. पानं तीच, चिंचेहून बारीक. काटेही तेच. सालीच्या भेगांत वाळूचे कण जाऊन बसलेत. बुंध्याजवळून वारा गेला की पानांचा आवाज होतो, आणि मैलभर परिसरात पानांचा म्हणून तेवढाच एक आवाज असतो.

शमीची मुळं तीस मीटरहूनही खोल जाऊ शकतात, पाणी ती खालून आणते. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावात ही झाडं तोडायला राजाची माणसं आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईनं झाडाला मिठी मारली, आणि तिच्यासह ३६३ माणसांनी जीव दिला. पांडवांची गोष्ट सांगशील तेव्हा नातवंडांना हीही सांग.

या झाडाशी आणखी एक दुखरी गोष्ट जोडलेली आहे. बहरीन या नावाचा अर्थच दोन समुद्र. खारं पाणी आणि गोडं पाणी. इथं जमिनीतून गोड्या पाण्याचे झरे फुटायचे, अगदी समुद्राच्या तळातूनसुद्धा. मोती काढणारे पाणबुडे खाली जाऊन पखालीत गोडं पाणी भरून आणायचे. त्या झऱ्यांवर खजुराच्या बागा होत्या. मग नळ्या खोल खोल गेल्या, उपसा वाढला, आणि झरे आटले. आपल्या पाटलाच्या विहिरीचं झालं तेच. आता प्यायचं पाणी बहुतेक समुद्राचं, मीठ काढून गोडं केलेलं. झरे गेले आणि शमी राहिली. तिच्याखाली उभं राहून मला याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटलं, की लोक झाडाला चमत्कार म्हणतात आणि पाण्याबद्दल बोलत नाहीत.

पूर्वी लोक त्या खोडावर नावं कोरायचे. आता भोवती कुंपण आहे, बसायला गोलाकार कट्टा आहे. हळदकुंकवाची पुडी आणू नकोस असं मी म्हणणार नाही, पण ती उघडायची नाही. इथल्या लोकांच्या श्रद्धेचाही मान राखायचा. तू मनातल्या मनात नमस्कार कर. पान तोडायचं नाही.

डोंगर बघायला जायच्या दिवसाचा बेत असा ठरवलाय. शुक्रवारी इथं सुट्टी असते. घरातून साडेसहाला निघायचं, रस्ता चाळीस-एक किलोमीटर. वाटेत रिफाला चहासाठी थांबू, तिथं कडक दुधाचा 'करक' मिळतो, तो तुला आवडेल. तुझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच घेऊ. आधी विहीर, मग डोंगर, ऊन वर यायच्या आत शमी. मी गाडी उभी करण्याच्या जागेपासून कट्ट्यापर्यंत चालून पावलं मोजलीत. जमीन सपाट आहे. मधे दोनदा टेकता येईल अशी घडीची खुर्ची मी घेतलीय.

दुपारचं जेवण तंबूत. हसू नको. हिवाळ्यात इथली कुटुंबंच्या कुटुंबं सखीर भागातल्या माळावर तंबू ठोकून राहतात. या राहण्याला 'मुखय्यम' म्हणतात, आणि माळाला 'बर्र'. नोव्हेंबरपासून पुढं थंडी सरेपर्यंत हा हंगाम. त्यासाठी आधी नाव नोंदवून जागा घ्यावी लागते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या आईनं तुला बोलावलंय. त्या तुझ्याच वयाच्या आहेत. मी त्यांना सांगितलं, माझी आत्या दरवर्षी अडीचशे किलोमीटर चालायची, देवाला. त्यांना ते समजायला काही वेळ लागला नाही. तू एकादशी धरतेस, मांस-मासळी खात नाहीस हेही सांगितलंय. खजूर, ताक, भात आणि डाळ त्या ठेवतील. वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी छोट्या कपात देतील. पुरे झालं की कप दोन-तीनदा हलवायचा, नाहीतर भरतच राहतात.

त्यांनी मला फग्याबद्दल सांगितलं. ढग गडगडून पाऊस झाला की काही आठवड्यांनी माळावर जमीन तडकते आणि खाली बटाट्याएवढी कंदासारखी भुछत्रं सापडतात, एका विशिष्ट झुडपाच्या मुळांशी. म्हातारी माणसं म्हणतात, गडगडाटाशिवाय फगा येत नाही. मी त्यांना म्हणालो, आमची आत्याही अळंब्यांबद्दल हेच म्हणते. तुम्ही दोघी बोलाल कशा ही चिंता मला राहिलेली नाही.

बाकीचे दिवस सावकाश. मनाम्यात श्रीनाथजींचं दोनशे वर्षांहून जुनं देऊळ आहे, सिंधमधून आलेल्या भाटिया व्यापाऱ्यांनी बांधलेलं. काकड्याला नेता येणार नाही, पण सकाळच्या दर्शनाला नेईन. आली नावाच्या गावात कुंभार आहेत, आणि त्यांच्या भट्ट्यांना लागून चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांची मातीची टेकाडं. अशी ११,७७४ टेकाडं मोजून युनेस्कोच्या यादीत गेलीत. त्या काळी इथले व्यापारी सिंधू खोऱ्यातली वजनं वापरायचे, म्हणजे येणं-जाणं तेव्हापासूनचं आहे.

सामानाचं. साबुदाणा, राजगिरा, भगर इथं मिळते, ओझं करू नकोस. अनारसे करणार असशील तर खसखस लावू नकोस आणि पिशवीतही ठेवू नकोस. आखाती देशांत खसखशीवरून माणसं अडचणीत आलीत. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आण. आणि ट्रंकेत तळाशी वर्तमानपत्राखाली आबांची निळी पत्रं आहेत, त्यांतलं डोंगराचं पत्र शोधून घे. कुठल्या बाजूनं त्यांना तो दिसायचा हे त्यात असेल, तर त्याच जागी खुर्ची टाकू.

फोटो पासपोर्टसाठी पुन्हा काढायला लागेल, मागचा पुसट आलाय. धाकट्याला सांग, तो तालुक्याला नेईल. आणि गुडघ्याचा पट्टा बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव. विमानतळावर चालायला बरंच आहे.

तुझा,
बाळू